तुरुंगातल्या दवाखान्यावर लक्ष कोणाचं?

तुरुंगाच्या फाटकावर, कैद्यांना भेटायच्या म्हणजे मुलाखतीच्या रांगेत एक मावशी प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या. पिशवीत मेटफॉर्मिनच्या चार पट्ट्या, रक्तदाबाच्या दोन आणि वर दुमडून ठेवलेली डॉक्टरांची चिठ्ठी. नवरा आत जाऊन अकरा दिवस झाले होते. खिडकीशी नंबर आला तेव्हा शिपायाने पिशवीला हातही न लावता सांगितलं, "बाहेरचं औषध आत जात नाही. आतल्या डॉक्टरांकडून मिळेल." मावशी बाजूला झाल्या आणि मला म्हणाल्या, "ताई, ह्यांच्या साखरेचं आता कोण बघणार?"

मी फाटकाबाहेर नातेवाइकांना अर्ज लिहून देते, त्यामुळे हा प्रश्न मला नवा नाही. पण त्याचं उत्तर कधी एका वाक्यात देता आलेलं नाही. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

शिपायाचं म्हणणं नियमाला धरून होतं. बाहेरून आलेल्या गोळीत काय आहे याची खात्री फाटकावर करता येत नाही, आणि औषधाच्या नावाखाली नशेच्या गोळ्या आत नेण्याचे प्रकार होतात हेही खरं. पण या नियमाला दुसरी बाजू आहे, ती खिडकीवर कोणी सांगत नाही. माणसाच्या हातातली गोळी सरकारने काढून घेतली, की ती वेळेवर त्याच्या पोटात जाते की नाही हे बघणं सरकारचं काम होतं. तुम्हा-आम्हाला एका दवाखान्याचा गुण आला नाही तर आपण दुसरा गाठतो. आतल्या माणसाला डॉक्टर एकच, आणि त्याच्यापर्यंत जायची वाटसुद्धा दुसऱ्याच्या परवानगीची.

म्हणून मावशींच्या एका प्रश्नाचे दोन होतात. आत उपचार कोण करतं, हा पहिला. ते नीट होतात की नाही हे कोण तपासतं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर कायद्यात लगेच सापडतं. दुसऱ्याचं शोधावं लागतं.

कायद्यात काय लिहिलंय

राज्यघटनेप्रमाणे तुरुंग हा राज्यांचा विषय आहे. तुरुंग चालवतं कारागृह खातं, आणि ते असतं गृह विभागाखाली. गावोगावची आरोग्य केंद्रं, जिल्हा रुग्णालयं असतात आरोग्य विभागाखाली. आजारी कैदी या दोन खात्यांच्या मधल्या फटीत पडतो. पुढच्या बहुतेक अडचणींचं मूळ या फटीत आहे.

तुरुंग कसे चालवायचे याची मांडणी इंग्रजांनी १८९४ च्या कारागृह कायद्यात केली. केंद्राने २०२३ मध्ये नवा आदर्श कायदा तयार करून राज्यांकडे पाठवला, आणि महाराष्ट्राच्या विधिमंडळाने डिसेंबर २०२४ मध्ये स्वतःचं नवं विधेयक मंजूर केलं. तरी तुरुंगाच्या कामाला ज्या सवयी लागल्या त्या १८९४ च्याच, म्हणून तो कायदा समजून घ्यायला हवा. आणि खरं सांगायचं तर तो वाचताना मी चकित झाले. त्यातली काही कलमं आजच्या कित्येक दवाखान्यांच्या कारभारापेक्षा नेमकी आहेत.

कैदी आत आला की शक्य तितक्या लवकर त्याची तपासणी करायची, आणि त्याच्या तब्येतीची, अंगावरच्या जखमांची, खुणांची नोंद वहीत करायची. प्रत्येक तुरुंगात रुग्णालय किंवा आजाऱ्यांसाठी योग्य जागा हवी. कोणी डॉक्टरांना भेटायचं म्हटलं, किंवा न म्हणताही आजारी दिसला, तर त्याच्यावर लक्ष ठेवणाऱ्याने ते विनाविलंब जेलरला कळवायचं, जेलरने विनाविलंब वैद्यकीय कर्मचाऱ्याला. डॉक्टरांनी जे सांगितलं ते रोजच्या रोज त्या कैद्याच्या हिस्ट्री तिकिटावर, म्हणजे त्याच्या नावाच्या नोंदींच्या कागदावर, चढवायचं.

सगळ्यात नेमकं कलम आहे मृत्यूविषयीचं. कैदी दगावला तर डॉक्टरने वहीत काय काय लिहायचं याची यादीच कायद्याने दिली आहे. त्याने आजाराची पहिली तक्रार कधी केली किंवा तो आजारी आहे हे प्रथम कधी दिसलं. त्या दिवशी तो कोणतं काम करत होता, त्याला आहार कोणता होता. रुग्णालयात कधी घेतलं. डॉक्टरला आजाराची खबर पहिल्यांदा कधी मिळाली. मरणाआधी डॉक्टरने त्याला शेवटचं कधी पाहिलं.

यातल्या दोन तारखांकडे नीट बघा. कैद्याने पहिल्यांदा सांगितलं ती एक, आणि डॉक्टरच्या कानावर गेलं ती दुसरी. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कायदा लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं की तुरुंगात माणूस मरतो तो पुष्कळदा या दोन तारखांच्या मधे.

रात्री दहानंतर

हे मधलं अंतर कसं असतं ते एका रात्रीवरून सांगते. बराकीला संध्याकाळीच कुलूप लागतं. देशातल्या तुरुंगांत २०२२ च्या अखेरीस ४ लाख ३६ हजार २६६ माणसांच्या जागेत ५ लाख ७३ हजार २२० माणसं होती, तेव्हा बराकीत कुशीवर वळायलाही शेजाऱ्याला हलवावं लागतं असं समजा. रात्री कोणाच्या तरी छातीत कळ येते. आधी शेजारी जागे होतात. मग गजांपाशी जाऊन हाका मारायच्या, ताटल्या वाजवायच्या. पहाऱ्यावरचा शिपाई येतो. बराकीची चावी त्याच्याजवळ नसते, तो वरिष्ठाला कळवतो. रात्री कुलूप उघडणं तुरुंगात साधं काम नाही, त्याला अधिकारी लागतो आणि नोंद लागते. दार उघडल्यावर माणूस कारागृहाच्या दवाखान्यात जातो. तिथे त्या वेळी डॉक्टर असला तर असला, नाहीतर औषधं देणारा कर्मचारी. त्याने "बाहेर न्या" म्हटलं की गाडी हवी आणि पोलीस हवेत.

या साखळीत एकही माणूस वाईट वागला नाही असं धरा. प्रत्येकाने आपापल्या नियमाप्रमाणे केलं. तरी त्यात तास-दीड तास सहज जातो, आणि हृदयाच्या झटक्यात तो तासच सगळं ठरवतो.

आता या माणसाचा मृत्यू आकडेवारीत कुठे जमा होतो ते पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तुरुंगांविषयीच्या अहवालात २०२२ साली देशभरच्या तुरुंगांतले १,९९५ मृत्यू नोंदले आहेत. त्यांतले १,७७३ 'नैसर्गिक'. आजाराने आलेलं मरण ते नैसर्गिक, अशी ती विभागणी आहे. वेळेवर उपचार मिळूनही गेलेला आणि ताटल्या वाजवता वाजवता गेलेला, दोघेही त्याच रकान्यात. मला या एका शब्दाचा फार त्रास होतो. त्याने खोटं काही सांगितलेलं नसतं, पण विचारायचा प्रश्न तिथेच संपवलेला असतो.

आणखी एक आकडा याच अहवालातला. आत असलेल्या दर चार जणांपैकी तिघे न्यायबंदी होते, म्हणजे ज्यांना आपण कच्चे कैदी म्हणतो ते. त्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही. कित्येकजण पुढे निर्दोष सुटतील. शिक्षा झालेल्यालाही न्यायालयाने तुरुंगवास दिलेला असतो, आजारपण दिलेलं नसतं. 'कैदी आहे, सोसू दे की' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. सर्वोच्च न्यायालयाचं मत त्यांच्या उलट आहे. कैदी झाल्याने माणूस जगण्याच्या मूलभूत हक्काला मुकत नाही, हे त्याने वेगवेगळ्या निकालांत पुन्हा पुन्हा सांगितलंय. १९९६ च्या राममूर्ती खटल्यात तुरुंगांपुढचे मोठे प्रश्न मोजताना आरोग्य आणि स्वच्छतेकडे होणारं दुर्लक्ष हा त्यातला एक म्हणून नोंदवला होता.

डॉक्टरचा साहेब कोण

इथे मला थोडं थांबायचंय, कारण माझ्या मते सगळी गाठ इथे आहे.

१८९४ च्या कायद्यात वैद्यकीय अधिकाऱ्याकडे तुरुंगाच्या आरोग्याचा कारभार दिला, पण त्या कलमाची सुरुवात होते 'अधीक्षकांच्या नियंत्रणाखाली' या शब्दांनी. म्हणजे डॉक्टरने वहीत जे लिहायचं, ते ज्याच्या कारभाराविषयी लिहायचं त्याच्याच हाताखाली राहून. त्याच कायद्यात दुसरं एक कलम आहे. ठराविक शिक्षा देण्याआधी, आणि त्यात फटक्यांची शिक्षाही होती, कैदी ती सोसू शकेल असा दाखला डॉक्टरने द्यायचा. सकाळी जो डॉक्टर तुमची नाडी बघतो तोच दुपारी तुम्हाला फटके झेपतील असं लिहून देतो. अशा डॉक्टरला कैदी मनातलं कसं सांगणार? पोटात दुखतंय म्हणेल, पण रात्री बराकीत कोणी मारलं ते सांगेल का?

डॉक्टरांची बाजूही समजून घ्यायला हवी. तुरुंगातली नेमणूक ही डॉक्टरमंडळींना बढतीची वाट वाटत नाही. पदं रिकामी राहतात. केंद्राच्या आदर्श कारागृह नियमावलीत ३०० कैद्यांमागे एक डॉक्टर असं प्रमाण धरलंय. २०२५ च्या इंडिया जस्टिस रिपोर्टनुसार देशाची सरासरी एका डॉक्टरमागे ७७५ कैद्यांची होती. एकट्या डॉक्टरने सकाळची ओपीडी, नव्या बंद्यांची तपासणी, न्यायालयांना द्यायचे अहवाल, स्वयंपाकघराची पाहणी, सगळं करायचं. कोण खरोखर आजारी आणि कोण रुग्णालयाच्या खाटेसाठी नाटक करतोय, हा संशय त्याच्या डोक्यावर कायम बसवलेला. चांगला डॉक्टरही या जागी हळूहळू तुरुंगाचा माणूस होतो.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ मध्ये कैद्यांच्या वागणुकीचे किमान नियम नव्याने मंजूर केले. सत्तावीस वर्षं तुरुंगात काढलेल्या नेल्सन मंडेलांचं नाव त्यांना दिलं. त्यातली तीन सूत्रं इथे उपयोगाची. कैद्याला बाहेरच्या नागरिकासारख्याच दर्जाचा उपचार मिळावा. उपचाराचा निर्णय फक्त आरोग्यसेवेतल्या माणसाने घ्यावा, तुरुंगाच्या इतर कर्मचाऱ्याने तो फिरवू नये किंवा बाजूला ठेवू नये. आणि शिस्तभंगाच्या शिक्षेत डॉक्टरचा हात नसावा. हे नियम कायद्यासारखे बंधनकारक नाहीत, पण आपली न्यायालयं त्यांचा आधार घेतात.

येरवडा ते ससून

दुसरं सूत्र आपल्याकडे कुठे अडतं ते पुण्याच्या उदाहरणाने सांगते. जानेवारी १९२४ मध्ये येरवडा तुरुंगात गांधीजींना अपेंडिक्सचा तीव्र त्रास सुरू झाला. पुण्याचे सिव्हिल सर्जन कर्नल मॅडॉक यांनी त्यांना ससून रुग्णालयात हलवलं आणि १२ जानेवारीच्या रात्री शस्त्रक्रिया केली. बाहेर वादळी पाऊस, मधेच वीज गेली, कंदिलाच्या उजेडात काम पुरं करावं लागलं. गांधीजी वाचले, आणि ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांना सोडून दिलं. डॉक्टरने ठरवलं आणि कैदी त्याच दिवशी रुग्णालयात पोचला, हे त्या प्रसंगातलं लक्षात ठेवण्याजोगं.

आज येरवड्याहून ससूनला जायचं तर अंतर तेवढंच आहे. पण मधे एक शब्द आलाय, 'गार्ड'. तुरुंगाच्या आत पहारा कारागृह खात्याचा असतो, पण कैद्याला बाहेर न्यायचं तर पहारा लागतो पोलीस दलाचा. तो पोलीस मुख्यालयातून मागवावा लागतो. तिथली माणसं निवडणुकीच्या, सणांच्या, मंत्र्यांच्या दौऱ्याच्या बंदोबस्ताला गेलेली असतात. डॉक्टरने चिठ्ठीवर 'ससूनला पाठवा', 'जे. जे.ला पाठवा' असं लिहिलेलं असतं, कैदी तयार होऊन बसतो, आणि संध्याकाळी कळतं की गार्ड मिळाला नाही. रुग्णालयाची तारीख चुकते, पुढची महिन्याने मिळते. फाटकावर मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य हेच: गार्ड मिळाला नाही. डॉक्टरचा निर्णय कोणी फिरवला का? नाही. कोणी नकार दिला? नाही. तरीही तो बाजूला पडला, आणि जबाबदार म्हणून बोट दाखवायला माणूस उरला नाही.

येरवड्यापासून जवळच आगाखान पॅलेस आहे. १९४२ च्या लढ्यात गांधीजी, कस्तुरबा आणि इतरांना तिथे नजरकैदेत ठेवलं होतं. कस्तुरबांची तब्येत ढासळत गेली तेव्हा त्यांना वैद्यांचं औषध हवं होतं. परवानगीला उशीर झाला. लाहोरचे वैद्य शिव शर्मा आले, पण रात्री आत थांबायची मुभा नव्हती, म्हणून ते फाटकाबाहेर स्वतःच्या गाडीत झोपले, रात्री बोलावणं आलं तर हाकेच्या अंतरावर असावं म्हणून. २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या. रोगी आत, वैद्य बाहेर, मधे फाटक, आणि फाटक उघडायचं की नाही हे ठरवणाऱ्याचा वैद्यकाशी काही संबंध नाही.

अलीकडचं एक उदाहरण एल्गार परिषद खटल्यातलं, त्या खटल्याबद्दल कोणाचं मत काहीही असो. ८४ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी तळोजा तुरुंगात न्यायबंदी होते. पार्किन्सनमुळे हात थरथरायचे, पेला धरता यायचा नाही. नळीने पिता येईल अशा भांड्यासाठी त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ ला मुंबईतल्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला तेव्हा त्यांचा जामीन अर्ज उच्च न्यायालयात पडून होता. त्याच तुरुंगातले कवी वरवरा राव यांना फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रकृतीच्या कारणावरून सहा महिन्यांचा जामीन दिला होता. ही नावं मोठी म्हणून आपल्याला कळली. पाणी पिण्याच्या भांड्यासाठी वकील लावणं शेजारच्या बराकीतल्या किती जणांना जमेल?

चौकीतले पहिले चोवीस तास

तुरुंगाच्या आधी पोलीस कोठडी येते. तिथले नियम तुलनेने स्पष्ट आहेत, म्हणून थोडक्यात सांगते. अटक झालेल्या प्रत्येकाची सरकारी डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी, स्त्रीची तपासणी स्त्री डॉक्टरने किंवा तिच्या देखरेखीखाली, आणि त्या अहवालाची प्रत अटक झालेल्याला किंवा त्याने सांगितलेल्या व्यक्तीला मिळायला हवी. सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू खटल्यातल्या निकालाने कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी बंधनकारक केली. ताब्यातल्या माणसाच्या तब्येतीची वाजवी काळजी घेणं हे ताबा असणाऱ्याचं कर्तव्य आहे, असं फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात वेगळं कलमच आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही ते आलंय.

अडचण तपासणी कशी होते त्यात आहे. गर्दीच्या कॅज्युअल्टीत, शेजारी पोलीस उभा, डॉक्टर मान वर न करता विचारतो, "काही त्रास?" माणूस पोलिसाकडे बघतो आणि "नाही" म्हणतो. कागदावर तपासणी झाली. पोलिसाने ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर उभं राहावं, एवढी साधी गोष्ट पाळली तरी निम्मे अहवाल खरे होतील असं मला वाटतं.

बालकांची निरीक्षणगृहं, भिक्षेकरी गृहं, महिलांची आश्रयगृहं हीसुद्धा एका अर्थी कोठडीच आहे, कारण तिथलाही माणूस स्वतः उठून दवाखान्यात जाऊ शकत नाही. त्यांच्याकडे तर तुरुंगाइतकंही कोणी बघत नाही.

बाहेरचे डोळे

आता मूळ प्रश्न. तपासतं कोण?

आपल्या गल्लीतलं खासगी नर्सिंग होम चालवायला महाराष्ट्रात नोंदणी लागते, रुग्णांच्या हक्कांची सनद भिंतीवर लावावी लागते. हा १९४९ चा कायदा सरकारी रुग्णालयांना लागू नाही, तेव्हा कारागृहाच्या रुग्णालयालाही नाही. म्हणजे जिथून रुग्ण उठून जाऊ शकतो त्या दवाखान्याला परवाना, आणि जिथे तो कुलपात आहे तिथे नाही.

याला एक अपवाद मात्र आहे, आणि तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसोपचार केंद्र असावं असं सांगितलं, आणि त्याची नोंदणी मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे करायला लावली. तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी पुनर्विलोकन मंडळाला अहवाल द्यायचा, आणि मानसिक आजार असलेला कोणी आत सापडला तर त्याला उपचारांसाठी हलवलं का नाही, असा जाब मंडळ तुरुंगात येऊन विचारू शकतं. बाहेरची संस्था, ठरलेला दर्जा, ठरलेला अहवाल, जाब विचारायचा अधिकार. देखरेख म्हणजे काय ते या एका कलमात नीट बसवलंय. मनाच्या आजाराला जे सुचलं ते मधुमेहाला, क्षयाला, बाळंतपणाला का लागू करू नये?

बाकी डोळे आहेत, पण ते अधूनमधून उघडतात. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली अभ्यागत मंडळ असतं, त्यात सरकारी आणि बिनसरकारी सदस्य असतात. हे मंडळ वेळेवर नेमलं जातं आणि फिरतं तिथे फरक पडतो. मानवी हक्क आयोग तुरुंगाला भेट देऊन शिफारस करू शकतो, आदेश देऊ शकत नाही. कोठडीतल्या प्रत्येक मृत्यूची खबर आयोगाला २४ तासांत द्यावी लागते आणि कोठडीतल्या मृत्यूची दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी होते. उच्च न्यायालय तर आहेच. पण लक्षात घ्या, यातले बहुतेक दरवाजे माणूस गेल्यावर किंवा मरायला टेकल्यावर उघडतात. रोजच्या रोज ओपीडीची वही उघडून त्या दोन तारखा तपासणारा कोणी नाही.

ज्या ब्रिटिशांनी आपल्याला १८९४ चा कायदा दिला, त्यांनी इंग्लंडमध्ये ही घडी मोडली. २००६ पर्यंत तिथल्या सरकारी तुरुंगांतला उपचार टप्प्याटप्प्याने राष्ट्रीय आरोग्य सेवेकडे गेला. डॉक्टर आता तुरुंगाधिकाऱ्याचा माणूस नाही. आरोग्यसेवांच्या दर्जावर लक्ष ठेवणारा स्वतंत्र आयोग, म्हणजे केअर क्वालिटी कमिशन, तुरुंगातल्या उपचार पुरवठादारांचीही नोंदणी करतो आणि तुरुंग निरीक्षकांसोबत जाऊन तपासणी करतो. तुरुंगातल्या प्रत्येक मृत्यूची चौकशी आणखी एक स्वतंत्र लोकपाल करतो आणि त्याचा अहवाल लोकांना वाचायला मिळतो. नॉर्वेने हा बदल १९८८ मध्येच केला होता.

तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. नफील्ड ट्रस्ट या तिथल्या आरोग्यविषयक संशोधन संस्थेच्या अभ्यासात २०१७-१८ मध्ये इंग्लंडमधल्या कैद्यांच्या रुग्णालयातल्या दहापैकी चार भेटी चुकल्या होत्या, आणि त्यामागे पहाऱ्याला माणसं नसणं हे एक मोठं कारण होतं. म्हणजे गार्ड तिथेही मिळत नाही. फरक एवढाच की तिथे चुकलेल्या भेटी कोणीतरी मोजल्या. आपल्याकडे 'रेफर' लिहिल्याची तारीख आणि प्रत्यक्ष रुग्णालयात पोचल्याची तारीख शेजारी शेजारी ठेवून दरमहा प्रसिद्ध करायची म्हटली तर त्यासाठी नवा कायदासुद्धा लागणार नाही. दोन्ही तारखा कुठल्या ना कुठल्या वहीत आजही आहेत.

तोवर घरच्यांनी काय करायचं

फाटकावर मी जे सांगते तेच इथे लिहिते. माणूस आत गेला की पहिल्याच आठवड्यात अधीक्षकांच्या नावे अर्ज द्या: आजार कोणता, किती वर्षांपासून, औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा. जुन्या चिठ्ठ्या, डिस्चार्ज कार्ड, रक्ताचे रिपोर्ट यांच्या झेरॉक्स जोडा, मूळ कागद देऊ नका. दुसऱ्या प्रतीवर आवक-जावकचा शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का मारायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. न्यायालयीन कोठडीतला माणूस न्यायालयाच्या हुकमाने आत असतो, म्हणून वकिलामार्फत न्यायालयातही अर्ज करता येतो. न्यायाधीश तुरुंगाकडून वैद्यकीय अहवाल मागवू शकतात. तारखेला हजर केल्यावर बंद्याने स्वतः तोंडाने सांगितलं तरी चालतं. वकील परवडत नसेल तर कोठडीतल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असलं तरी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यांची हेल्पलाइन १५१००.

आणि मुलाखतीत "बरा आहेस ना?" असं विचारू नका. काचेपलीकडचा माणूस घरच्यांना धीर द्यायला "बरा आहे" असंच म्हणणार. त्यापेक्षा विचारा, काल गोळी किती वाजता मिळाली, साखर शेवटची कधी तपासली, डॉक्टरांना कधी सांगितलंस, त्यांनी बघितलं कधी. घरी जाऊन तारखेसकट वहीत उतरवा.

मावशींचा अर्ज आम्ही त्याच दिवशी तिथल्या बाकावर बसून लिहिला. पट्टीवरची नावं वाचून, मिलिग्रॅम तपासून. त्या आत जाऊन शिक्का घेऊन आल्या. शिक्क्यातली तारीख पुसट उठली होती म्हणून मी त्यांना पुन्हा आत पाठवलं. दुसऱ्यांदा नीट उठली. पुढच्या मुलाखतीला नवऱ्याने सांगितलं की सकाळची गोळी मिळायला लागलीय, रात्रीची अजून नाही. आम्ही दुसरा अर्ज लिहिला. मावशींच्या त्याच प्लास्टिकच्या पिशवीत आता औषधं नसतात, शिक्के मारलेले दोन कागद आणि शंभर पानी वही असते.